उरलेलं रात्र ओढते

"माझा कान कुठंय?"

टेबलापलीकडचा तरुण आपल्याच लग्नाच्या फोटोकडे बोट दाखवत विचारत होता. फोटो कॅनव्हासवर छापलेला होता. मामानं तो आदल्या दिवशी लाकडी चौकटीवर चढवला होता आणि चढवताना एक कड जरा जास्तच मागे दुमडली होती. नवरी पूर्ण समोर आली होती. नवऱ्याचा कान मात्र चौकटीच्या जाडीवर वळून गेला होता.

"हा काय, आहे की," मामा म्हणाला. "असं कडेनं बघितलं की दिसतो."

"पाहुण्यांना काय कडेनं बघायला सांगू?"

"दुसरा शाबूत आहे ना?" पलीकडून आई म्हणाली. "बायकोचं ऐकायला एक पुरतो."

तरुण हसला. हसल्यावर त्याला भांडता येईना. आईनं मामाला सांगितलं, "काढ त्या बाजूचे स्टेपल. बोटभर सोड. आणि छापील कापड आहे, फार ओढू नकोस, कडेला शाई तडकते."

"मला शिकवू नकोस. तुझ्याआधी जन्मलोय मी."

"तेवढं एकच काम वेळेवर केलंस."

मी दारातच उभी होते, खांद्यावरची पिशवीही उतरवली नव्हती. मीही हसले. आणि हसता हसता थांबले. आई बोलत होती.

आई कामावर असताना बोलत नसे. तिच्या तोंडात खिळे असत. बारीक, चपट्या डोक्याचे. एकेक खिळा जिभेनं ओठांशी आणायचा, चिमटीत धरायचा, कापडावर टेकवायचा, हातोडीचा एक ठोका, मग पुढचा. डाव्या हातात रुंद तोंडाची पक्कड असे, तिनं कापड ओढून धरायचं. म्हणजे दोन्ही हात अडकलेले आणि तोंडही. "हं" म्हणजे हो. "अंहं" म्हणजे नाही. लांबवलेला "हंऽऽ" म्हणजे इकडे ये आणि हे टोक धर. शाळेत बाईंनी विचारलं होतं, आई काय करते? मी सांगितलं होतं, खिळे खाते. हे मामा अजून येईल त्या गिऱ्हाइकाला सांगतो.

त्या रविवारी खिळे डबीच्या झाकणात काढून ठेवलेले होते.

"तोंडात का नाहीत?" तरुण गेल्यावर मी विचारलं.

"श्वास पुरत नाही ग. नुसत्या नाकाचा कमी पडतो." चहापत्ती संपलीय, हे ती ज्या आवाजात सांगे, त्याच आवाजात तिनं हे सांगितलं. "पिशवी ठेव. दाढीवाल्यांचा मोठा कॅनव्हास आज ताणायचाय. उद्या सकाळी येतील ते."

डॉक्टरांनी काय सांगितलं होतं ते तिला ठाऊक होतं आणि मलाही. हृदय थकलंय. गोळ्या घ्या, फिरायला जा, आणि हे ओढाताणीचं काम बंद करा. आई त्यांना म्हणाली होती, "ओढ माझी, ताण कापडाचा. तुम्हाला कसली काळजी?" डॉक्टर हसले नाहीत. घरी येताना मी रस्ताभर बोलत होते आणि ती रस्ताभर दुकानांच्या पाट्या वाचत होती. शेवटी दाराशी कुलूप काढताना म्हणाली, "ज्या दिवशी तू मुका म्हणशील ना, त्या दिवशी पक्कड खाली ठेवीन. वचन."

तिच्या तोंडचं हे वाक्य नवं नव्हतं. पण तोवर ते थट्टेतलं होतं.

आमच्या कारखान्याचा एक नियम होता. कारखाना म्हणायचा, खरं तर घराखालच्या दोन खोल्या. पुढच्या खोलीत मामा पट्ट्या कापायचा, चौकटी जोडायचा आणि छापील चित्रं स्टेपल मारून चढवायचा. मागच्या खोलीत आई चित्रकारांचे कोरे कॅनव्हास ताणायची. नियम आजोबांपासूनचा. ज्यानं ताणला, त्यानं वाजवायचा नाही. कॅनव्हास ताणून झाला, वर अस्तर म्हणजे पांढऱ्या रंगाचा पहिला हात देऊन वाळला, की बोटाच्या पेरानं त्यावर टिचकी मारायची. नीट ताणलेला कॅनव्हास घुमतो, आतून उत्तर देतो. तो बोलला. जो नुसताच थाप खातो तो मुका. आणि बोलला की मुका, हे दुसऱ्यानं सांगायचं. आजोबा म्हणत, आपल्या पोराचं रडणंसुद्धा आपल्याला गाणं वाटतं.

आजोबांचे कॅनव्हास आई वाजवायची. आईचे मी वाजवू लागले, स्टुलावर उभी राहून. आधी मध्यभागी, मग चारी कोपरे. मामाला हे काम कधी मिळालं नाही. "त्याला टेबल वाजवायला दे, तेही बोलतंय म्हणेल," आई म्हणायची. मामाला त्याचा राग होता आणि तो त्यानं कधी लपवला नाही.

पुढे मी शिकले, ग्रंथालयात नोकरीला लागले, गावाच्या दुसऱ्या टोकाला खोली घेतली. मला वाटलं, आता आई मामाला वाजवू देईल, नाहीतर शेजारच्या कुणाला तरी बोलावील. तिनं तसलं काही केलं नाही. तयार कॅनव्हास भिंतीला टेकून रविवारची वाट बघू लागले. चित्रकार कुरकुरले. "बाई, मला गुरुवारी हवाय हो." आई तोंडातले खिळे न काढता मान हलवायची. अंहं. मामा भाषांतर करायचा, "साहेब अजून तपासायला आलेल्या नाहीत."

त्या साहेबांना कधीकधी संताप येई. आजारी असले तरी जावं लागे. कुणाबरोबर कुठे जायचं ठरलं तर आधी भिंतीला टेकलेले कॅनव्हास डोळ्यांपुढे येत. पण गेलं की पाच मिनिटांचं काम. टकटक. "बोलतोय." आईचा "हं". मग जेवण, मामाच्या गप्पा आणि परत. इतक्या वर्षांत मला दुसरा शब्द वापरावा लागला नव्हता. एकदाही नाही.

डॉक्टरांकडून आल्यानंतर मात्र दर रविवारी तो दुसरा शब्द माझ्या जिभेवर येऊन बसे. किती सोपं होतं. एकदा म्हणायचं, की तिनं पक्कड ठेवलीच असती, ती शब्दाची पक्की होती. मी बोटाचं पेर टेकवायची, कान लावायची, आणि आई माझ्या पाठीमागे उभी असायची. हाताकडे नाही, माझ्या मानेकडे बघत. खोटं बोललं की माझी मान ताठ होते, हे तिला मी बोलायला लागल्यापासून माहीत होतं. आणि कॅनव्हास तर बोलत होते. सूर पूर्वीचा नव्हता. तो उतरत चालला होता, दर रविवारी थोडा. पण उतरलेला आवाज म्हणजे मुकेपणा नव्हे. मी म्हणायची, "बोलतोय." ती म्हणायची, "ऐकलंस ना नीट?" मी म्हणायची, "हो." आणि जिना चढताना तिला दोनदा थांबावं लागायचं.

दाढीवाले म्हणजे आमचे सर्वांत जुने चित्रकार. त्यांना आता दाढी नव्हती, वर्षानुवर्षं नव्हती. पण आजोबांनी ठेवलेलं नाव दाढीबरोबर उतरलं नाही. त्यांना कानाला कमी ऐकू येई, म्हणून ते सगळ्यांशी ओरडून बोलत. या वेळी त्यांनी दारापेक्षा उंच कॅनव्हास सांगितला होता. एवढा मोठा त्यांनी कधी मागितला नव्हता. काय काढणार, असं मामानं विचारलं तर ओरडून म्हणाले, "काही नाही! मोठा आणि कोरा नुसता समोर बघायचाय!"

चौकट मामानं आदल्या आठवड्यात करून ठेवली होती. मागच्या खोलीत ती जमिनीवर आडवी ठेवली तेव्हा खोलीत आम्हाला उभं राहायला कडेची एकेक वीत उरली. आई बसकण घेऊन गुडघ्यांवर आली. तागाचं कापड चौकटीवर पसरलं. त्याचा वास आला, कोरड्या गवताचा.

"मध्यापासून," ती म्हणाली.

"माहितेय मला."

"माहितेय तर सांगू दे की. इतकी वर्षं तोंड बंद होतं, आज उघडंय तर बोलून घेते."

ताणताना मध्यापासून सुरुवात करायची. एका बाजूच्या मध्यावर एक खिळा, मग बरोबर समोरच्या बाजूला ओढून एक. मग उरलेल्या दोन बाजू. तिथून दोन्हीकडे थोडं थोडं पुढे सरकायचं, दर वेळी समोरासमोर. कोपरे अगदी शेवटी. घाई केली, कोपरा आधी धरला, की कापडात तिरकी सुरकुती पडते आणि ती कशानंही जात नाही. आठवड्यापूर्वीच चित्रकलेची एक विद्यार्थिनी स्वतः ताणलेला कॅनव्हास घेऊन आली होती, अंथरुणावरच्या चादरीसारखा. आईनं तो मुकाट्यानं सगळा उसवला आणि तिच्या हातात पक्कड दिली होती. "कोपऱ्यात शेवटी जायचं असतं बाळ," असं तिला म्हणाली म्हणे. मामानं मला सांगितलं, आणि सांगताना तो हसत नव्हता.

मी समोरचं टोक धरून बसले. आई ओढायची, मी चौकट रेटून धरायची. पक्कड कापडाला लागली की तागाचे धागे बारीक करकरतात. तो आवाज मला माझ्या नावासारखा ओळखीचा. त्या दिवशी तो मध्येच थांबायचा. करकर सुरू व्हायची आणि शेवटाला पोचण्याआधीच संपायची. मी वर बघितलं तर आईचा डावा हात पकडीवर सैल पडला होता. ती त्याच्याकडे बघत होती, दुसऱ्या कुणाचा तरी हात बघावा तशी.

"मी ओढू?"

"अंहं." तोंडात खिळे नसतानाही तिनं तसंच म्हटलं. मग स्वतःलाच हसली. "सवय बघ."

"आई, मामाला ओढू दे निदान हे."

"मी ऐकतोय हां," पुढच्या खोलीतून मामा म्हणाला. "ती देणार नाही. माझ्यावर विश्वास नाही तिचा. बाकी चौकट माझी चालते, ओढ चालत नाही."

"तू ओढतोस बैलासारखा."

"मग? बैल काय वाईट ओढतो?"

"सरळ ओढतो. पुढे विहीर असली तरी सरळ ओढतो."

पुढच्या खोलीत करवत पुन्हा सुरू झाली.

आईनं डावा हात मांडीवर घासला, मूठ उघडली, मिटली, पक्कड पुन्हा धरली. या कडेचे खिळे ती मारत गेली. मी मोजत नव्हते, पण मधलं थांबणं लांबत गेलं तसं मला ते कळत होतं. डावी बाजू. डाव्या बाजूचा खालचा भाग. तिथे आल्यावर तिनं दोनदा कापड सोडून दिलं, पुन्हा धरलं. तिसऱ्यांदा हातोडी मारली तेव्हा ओढ पुरी झालेली नव्हती. मला ते दिसलं. तिलाही दिसलं असणार, तिच्या नजरेतून असलं काही सुटत नसे. तिनं खिळा उपटला नाही. पुढचा घेतला.

तिनं असं कधी केलेलं मी पाहिलं नव्हतं.

कोपरे दुमडून झाले तेव्हा दुपार टळून गेली होती. मामानं आणि मी मिळून तो उभा केला, भिंतीला टेकवला. खोलीतला उजेड एकदम बदलला. आई खुर्चीत बसली होती, ओठ किंचित उघडे, कपाळावर घाम. मी पाणी दिलं. ते तिनं दोन घोटांत संपवलं आणि अस्तराचं भांडं मागितलं.

"ते मी देते," मी म्हणाले. "अस्तराला तुझा नियम नाही ना?"

तिनं माझ्याकडे बघितलं. "दे. आडवा हात फिरव, उभा नको."

मी अस्तर दिलं. पांढरं, दाट, थंड. ब्रश डाव्या खालच्या कोपऱ्यात गेला तेव्हा कापड ब्रशाखाली किंचित आत गेलं आणि परत आलं, झोपलेल्या माणसाच्या पोटासारखं. माझी पाठ आईकडे होती. मान मात्र तिला दिसत असणार. मी ब्रश फिरवत राहिले.

"सैल वाटतंय?" तिनं मागून विचारलं.

"ओलंय अजून. ओल्याचं काय कळतं?"

"तेही खरं." पाण्याचा रिकामा पेला तिनं खाली ठेवला. मग म्हणाली, "उरलेलं रात्र ओढते."

हे तिचं नेहमीचं वाक्य. अस्तर वाळताना कापड आकसतं, आणि माणसाच्या हातून राहिलेली थोडी ओढ ते स्वतःच भरून काढतं. म्हणून ओला असताना वाजवायचा नसतो. सकाळपर्यंत थांबायचं. लहानपणी मला वाटे, आम्ही वर झोपलो की खाली रात्र नावाची कुणी बाई येते, पक्कड घेते आणि कामाला बसते. मी भिऊन आईच्या पोटाशी जायची. त्या संध्याकाळी ते वाक्य ऐकलं आणि मला तीच बाई आठवली. हवा दमट होती. अस्तर वाळायला वेळ लागणार होता.

"मी राहते आज," मी म्हणाले. "सकाळी वाजवून कामावर जाईन. आणि उद्या संध्याकाळी डॉक्टरकडे. मी फोन केलाय."

"बरं," ती म्हणाली.

एवढ्या चटकन ती कधी कशाला बरं म्हणत नसे. मामानंही पुढच्या खोलीतून डोकावून बघितलं.

पक्कड रोज पुढच्या खोलीतल्या खिडकीशेजारच्या खुंटीवर टांगायची. आजोबांच्या वेळेपासूनची खुंटी, मागच्या भिंतीवर पकडीच्या आकाराचा काळा डाग पडलेला. निघताना आईनं दिवा घालवला, दार ओढलं. जिन्यात माझ्या पुढे चालताना तिच्या एप्रनचा खिसा एका बाजूला लोंबत होता. आत पक्कड होती. मी म्हटलं, "अगं, ती वर कशाला?" ती म्हणाली, "राहू दे आज." आणि कठड्याला धरून थांबली. मी तिच्या एक पायरी खाली थांबले. वर कुणाच्या तरी घरात भांडी घासल्याचा आवाज येत होता.

"तुला कंटाळा येत असेल ना ग," ती पुढेच बघत म्हणाली, "दर रविवारी."

"नाही," मी म्हणाले.

माझी मान तिला दिसत नव्हती. पण ते खोटं नव्हतं. निदान त्या पायरीवर नव्हतं.

सकाळी मला मामाच्या हाकेनं जाग आली. तो खालून हाक मारत होता आणि नाव माझं घेत होता, तिचं नाही. त्यावरूनच कळलं.

ती मागच्या खोलीत खुर्चीत बसली होती. एप्रन घातलेलं. पक्कड मांडीवर, दोन्ही हात तिच्यावर. खुर्ची तिनं कॅनव्हासच्या अगदी समोर ओढून घेतली होती. डोळे मिटलेले होते. मामा दारातच उभा होता. आत पाऊल टाकलं तर ती ओरडेल, असं वाटत असल्यासारखा. "मी सहज दार उघडायला आलो," तो पुन्हा पुन्हा म्हणत होता, "मला वाटलं, लवकर कामाला बसलीय."

पुढचं सगळं जसं असतं तसं झालं. माणसं आली, माणसं गेली. कुणीतरी कॅनव्हास वाटेत येतो म्हणून तोंड भिंतीकडे करून ठेवला. मागच्या खोलीला कुलूप लागलं. दाढीवाले आले होते. इतक्या माणसांत तेवढे एकटेच हळू बोलत होते, आणि त्यामुळे त्यांचं कुणालाच ऐकू येत नव्हतं.

काही आठवड्यांनी ते पुन्हा आले. मी रविवार म्हणून आले होते. सवयीनं. मामा पुढच्या खोलीत छापील चित्रं चढवत बसला होता. एप्रन धुऊन टांगलेलं होतं. पक्कड खुंटीवर होती, मामानं ठेवली असणार.

"मी तो न्यायला आलोय!" दाढीवाले म्हणाले. "माझा मोठा!"

मामानं माझ्याकडे बघितलं. मग कुलूप काढलं. आम्ही दोघांनी मिळून कॅनव्हास फिरवला आणि खिडकीच्या उजेडात उभा केला. केवढा मोठा होता तो. पांढरा, कोरा. दाढीवाले दोन पावलं मागे सरले आणि बघत राहिले.

मला ठसे आधी दिसले, मग त्यांचा अर्थ कळला. मध्यभागी एक. बोटाच्या पेराएवढा, ओल्या अस्तरात उमटून तसाच वाळलेला. वरच्या दोन्ही कोपऱ्यांत एकेक. ते उंचावर होते, तिला टाचा वर कराव्या लागल्या असतील, किंवा खुर्चीवर चढावं लागलं असेल. खाली उजवीकडे एक. आणि खाली डावीकडे अनेक. एकावर एक, एकाशेजारी एक, काही खोल, काही नुसते टेकलेले. शेवटचे अगदी हलके.

आईनं आयुष्यात पहिल्यांदा आपला कॅनव्हास आपण वाजवला होता. तोही पुरता वाळण्याआधी. पहाटे कधीतरी खाली येऊन, रात्रीनं किती ओढलं ते बघायला.

मामानंही ते ठसे पाहिले. त्यानं बाहीनं नाक पुसलं. "अस्तराचा एक हात वरून दिला की जातील ते," तो म्हणाला. "आणि कोपऱ्यात आतून दोन पाचरी मारतो मी. जरा इकडेतिकडे असेल तर बसेल जागेवर."

"तिनं नव्याला पाचर कधी मारली नाही."

"म्हणून काय झालं? जुन्याला मारतोच ना आपण? हाही जुनाच होणार आहे."

"काय म्हणताय तुम्ही?" दाढीवाले ओरडले.

"काही नाही! तपासतोय!" मामा ओरडला. मग माझ्याजवळ आला, आवाज खाली आणला. "हे बघ. तू वाजव, आणि बोलतोय म्हण. घेऊन जाऊ दे त्यांना. त्यांना ऐकू येत नाही, मला कळत नाही, असं तीच म्हणायची. कोण आहे आता ऐकायला?"

तो हे क्रूरपणे म्हणत नव्हता. बहिणीचं शेवटचं काम चांगलं निघावं, एवढंच त्याला हवं होतं. तेच मलाही हवं होतं. किती महिने जो शब्द मी खोटा म्हणून जिभेवरून परत पाठवला होता, तो तिला घरी बसवू शकला असता. आज त्याच्या उलटा शब्द तिचं नाव राखणार होता. दोन्ही वेळा फक्त मान सैल ठेवायची होती.

मी स्टूल ओढलं नाही, आता माझा हात पोचत होता. मध्यभागी पेर टेकवलं. टक. आतून घुमारा आला, उतरलेला, खोल, पण आला. वर उजवीकडे. आला. वर डावीकडे, थोडा उशिरा, पण आला. खाली उजवीकडे आला. मामाचा चेहरा उजळला.

मग मी खाली वाकले, डावीकडे. तिच्या ठशांतला एक निवडला, जो सर्वांत हलका होता, शेवटचा असेल असा, आणि त्यात माझं पेर ठेवलं. ते बरोबर बसलं. मी टिचकी मारली.

थाप. बस. भिंतीवर मारावी तशी. पुन्हा मारली. थाप. खोलीत दाढीवाल्यांच्या श्वासाचा आवाज येत होता आणि पुढच्या खोलीतल्या घड्याळाचा. कॅनव्हासमधून काहीच येत नव्हतं.

माझ्या पाठीमागे आईची ती खुर्ची होती. कुणी ती हलवली नव्हती. माझ्या मानेवर कुणीतरी बघत असल्यासारखं झालं, दर रविवारी होई तसं, आणि मी वळले नाही.

"काय मग?" मामानं विचारलं. "बोलतोय ना?"

मी बोट त्या ठशावरून काढलं नाही.

"मुका आहे, आई," मी म्हणाले. दाढीवाल्यांनाही ऐकू जाईल, एवढ्या मोठ्यानं. "ठेव आता पक्कड."